कॉफीच्या दुकानातील मुलाखत : प्रश्न कोणी कोणाला विचारायचे?

उत्तर नागपुरातील जरीपटक्याची वस्ती आणि बाजार ही मुख्यतः निर्वासितांच्या कष्टांची निर्मिती आहे. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेल्या कुटुंबांनी येथे आधी छप्पर उभे केले, मग हातगाडी लावली आणि पुढे दुकान थाटले. या वस्तीला लागूनच इंदोरा आहे. डॉ. आंबेडकरांच्या चळवळीने घडवलेली ही बौद्ध वस्ती शिक्षणाला पोटापेक्षाही अधिक मानत आली. एकीकडे दुकान आणि दुसरीकडे पदवी, अशी ही शेजार-शेजारची दोन जगे. त्यांची गाठ आता एका नव्या ठिकाणी पडते आहे. कापडाच्या आणि मिठाईच्या दुकानांच्या रांगेत आलेल्या काचबंद, वातानुकूलित कॉफीच्या दुकानात ही गाठ पडते. आणि तीही ग्राहक म्हणून नव्हे. दारावर ‘मुले-मुली पाहिजेत’ असा कागद लागतो, आणि बी.कॉम. किंवा बी.ए. झालेला, स्पर्धा परीक्षेचे दोन-तीन प्रयत्न पदरी असलेला तरुण इस्त्रीचा सदरा घालून आत शिरतो. याला मुलाखत म्हणतात.

ही मुलाखत दहा मिनिटांत आटोपते. ती बारकाईने पाहण्यासारखी आहे, कारण या देशातील सुशिक्षित बेकाराचे आणि खाजगी मालकाचे नाते कोणत्या अटींवर जुळते, हे या दहा मिनिटांत जितके उघडे पडते तितके ते अर्थसंकल्पावरील भाषणांत कधी पडत नाही. विचारले काय जाते? नाव काय, आडनाव काय? राहता कुठे? वडील काय करतात? घरी कोण कोण आहे? इंग्रजी बोलता येते का? स्वतःची गाडी आहे का? मुलगी असेल तर लग्न ठरले आहे का, आणि रात्री उशीर झालेला घरी चालतो का? कॉफीविषयी एकही प्रश्न नसतो. दूध किती तापवावे, पेला कसा धरावा, गिऱ्हाईक अंगावर आले तर काय करावे, हे कोणी विचारीत नाही. शेवटी उमेदवार धीर करून पगाराचे विचारतो, तेव्हा ‘आधी काम तर दाखवा’ असे उत्तर मिळते. मग दोन-चार दिवस ‘ट्रायल’ म्हणून कपबशा धुवून घेतल्या जातात.

कोणी म्हणेल, एवढ्याशा नोकरीच्या एवढ्याशा मुलाखतीवर साप्ताहिकाची पाने कशाला खर्च करायची? परंतु मजुराची भरती हा प्रश्न एवढासा कधीच नव्हता. याच नागपुरात १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. त्या काळापासून पुढे कितीतरी वर्षे देशभरच्या गिरण्यांत माणूस कामावर लागे तो जॉबरच्या मर्जीने. जॉबर आपल्या गावचा, आपल्या जातीचा माणूस आणी, त्याच्याकडून दस्तुरी उकळी आणि मनात येईल तेव्हा त्याला हाकलून देई. १९३१ साली शाही मजूर आयोगाने या पद्धतीवर कठोर टीका केली आणि भरतीचा अधिकार जॉबरच्या हातून काढून घ्यावा, असे सुचवले. थोडक्यात, ओळखीवाचून, जातीवाचून, लाच न देता, समोरासमोर बसून माणसाची पारख व्हावी, ही एके काळी सुधारणा होती. मुलाखत ही त्या सुधारणेचेच अपत्य. शंभर वर्षांनंतर ती जरीपटक्याच्या काचेआड कोणत्या रूपात उरली आहे? जॉबर गेला; त्याचे प्रश्न मात्र राहिले.

कारण ‘वडील काय करतात’ आणि ‘राहता कुठे’ हे प्रश्न निरागस नाहीत. नागपुरात आडनाव आणि मोहल्ला ही दोन उत्तरे मिळाली की जात वेगळी विचारावी लागत नाही. इंदोरा म्हटले की समोरच्याला कळते. मोमीनपुरा म्हटले की त्याहून लवकर कळते. हा केवळ संशय आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी विदर्भातच जन्मलेल्या सुखदेव थोरातांनी पॉल अ‍ॅटवेल यांच्यासमवेत केलेला आणि २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहावा. वृत्तपत्रांतील खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवण्यात आले. फरक होता तो फक्त नावांचा. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या अर्जाला मुलाखतीचे बोलावणे येण्याची जी शक्यता, तिच्या सुमारे दोन तृतीयांश शक्यता दलित नावाच्या अर्जाला होती आणि मुस्लिम नावाच्या अर्जाला सुमारे एक तृतीयांश. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी मोठ्या कंपन्यांच्या भरती अधिकाऱ्यांशी बोलून दाखवून दिले की ‘आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो’ असे सांगणारी हीच मंडळी ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ हीसुद्धा गुणवत्तेची खूण मानतात. ही झाली पदवीधरांना टेबलखुर्ची देणाऱ्या कंपन्यांची गोष्ट. तेथे निदान अर्ज कागदावर असतो, त्याचा अभ्यास तरी करता येतो. कॉफीच्या दुकानात अर्जच नसतो. कोणाला घेतले नाही आणि का घेतले नाही, याची नोंद कुठेही राहत नाही. ‘चेहरा काउंटरला शोभणारा हवा’ एवढे म्हटले की सगळे भागते. तो शोभणारा चेहरा कोणत्या रंगाचा आणि कोणत्या घरातला, हे वेगळे सांगावे लागत नाही.

मात्र येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. जरीपटक्यातील या अन्यायाला ‘सिंधी दुकानदार विरुद्ध मराठी तरुण’ असा रंग देऊन आपली दुकाने चालवणारे पक्ष नागपुरात आहेत आणि त्यांचे काम सोपे करून देण्याचे समाजवाद्यांना कारण नाही. ज्याने कंपनीच्या नावाची फ्रँचायझी घेतली आहे तो दुकानदार यंत्राचे हप्ते भरतो, जागेचे भाडे भरतो, विक्रीतील वाटा कंपनीला पाठवतो आणि दूध-बिया कंपनी सांगेल त्या ठिकाणाहून घेतो. या साऱ्या रकमा ठरलेल्या असतात. त्यांत त्याला एक पैसा कमी करता येत नाही. कमी करता येते ते फक्त मजुराचे वेतन. म्हणून तो तेथेच कात्री चालवतो. मराठी मालक असता तर त्यानेही तेच केले असते, आणि धरमपेठेत तो तेच करतो. निर्वासिताच्या नातवाने बेकाराच्या नातवाची पिळवणूक करावी, ही व्यवस्था कंपनीच्या मुख्यालयात आखली गेली आहे. या बाजारातून नफा उचलणारी मंडळी जरीपटक्यात राहत नाहीत.

आता आकडे पाहू. समजा, दरमहा १२,००० रुपये ठरले. महिन्याचे कामाचे दिवस २६ धरले तर दिवसाला ४६१ रुपये पडतात. दुकान उघडण्यापूर्वीची झाडलोट आणि बंद झाल्यानंतरची हिशोबाची जुळणी धरून दिवस दहा तासांचा झाला, तर तासाला ४६ रुपये. ज्या पेल्याची किंमत २५० रुपये आहे, तो एक पेला विकत घेण्यासाठी तो तयार करणाऱ्याला साडेपाच तास उभे राहावे लागेल. असे पेले तो दिवसातून किती तयार करतो, हे मोजण्याचे काम ज्याचे त्याने करावे. आणि १२,००० हा आकडा उदार धरला आहे. कारण राज्य सरकारनेच २०२४ साली युवा कार्यप्रशिक्षण योजनेत पदवीधराच्या एका महिन्याची किंमत १०,००० रुपये, बारावी झालेल्याची ६,००० रुपये अशी जाहीर केली. सरकारने तिजोरीतून ठरवलेल्या या भावापेक्षा दुकानदाराने वर का जावे? कल्याणाच्या नावाने काढलेली योजना बाजारात मजुरीचा भाव पाडण्याचे काम कसे करते, याचे याहून सोपे उदाहरण अर्थशास्त्राच्या वर्गात देता येणार नाही. मोठ्या साखळी दुकानांपुढे तर आणखी एक वाट मोकळी आहे. तरुणाला ‘शिकाऊ’ म्हणून घ्यायचे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याच्या १८ व्या कलमाप्रमाणे शिकाऊ हा कामगारच नव्हे, आणि कामगार कायदे त्याला लागू होत नाहीत. कॉफीचे यंत्र चालवायला शिकण्यास किती महिने लागतात, हे कोणी विचारू नये.

कायदा नाही का? कायदे आहेत, आणि ते मोजून मापून केलेले आहेत. १९४८ चा मुंबई दुकाने व आस्थापना कायदा जाऊन महाराष्ट्रात डिसेंबर २०१७ पासून नवा कायदा आला. जुना कायदा लहान दुकानालाही लागू होता. नव्याने दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानाला वगळले. त्याने केवळ सूचना दिली की पुरे. २०२५ च्या सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने आणखी बदलांना मान्यता दिली : दहाची मर्यादा वीसवर, कामाचा दिवस नऊ तासांवरून दहा तासांवर, आणि तीन महिन्यांतील जादा कामाची कमाल मर्यादा १२५ तासांवरून १४४ तासांवर. उद्योगस्नेही वातावरण, असे त्याचे वर्णन झाले. जरीपटक्याच्या कॉफीच्या दुकानात एका पाळीला चार-पाच माणसे, दोन पाळ्या धरून दहा-बारा. जी दुकाने कालपर्यंत जेमतेम कायद्याच्या कक्षेत येत होती, नेमकी तीच या एका आकड्याने कक्षेबाहेर गेली. ज्यांची माणसे वीसच्या आसपास आहेत ते एकोणिसावर थांबतील. भविष्यनिर्वाह निधीची रेषाही विसावरच आहे, त्यामुळे थांबण्याचा मोबदला दुप्पट. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या, तेव्हा ‘प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र’ अशी घोषणा झाली. परंतु ज्या संहितेत नियुक्तिपत्राचे कलम आहे, ती मुळात दहा वा अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठी आहे. घोषणेत ‘प्रत्येक’ आणि कलमात ‘दहा’. समाजवादी चळवळीने कलमे वाचण्याची सवय पुन्हा लावून घेतली पाहिजे. सभेतील घोषणांनी तिची फार दिवस फसगत झाली आहे.

तरीही कायदा सगळा हातचा गेलेला नाही, आणि हे कार्यकर्त्यांना माहीत असणे अत्यावश्यक आहे. किमान वेतन कामगारांच्या संख्येवर अवलंबून नाही. एक माणूस ठेवला तरी ते द्यावे लागते. काम सोडले वा काढून टाकले तर दोन कामाच्या दिवसांत हिशोब चुकता करावा, असे वेतन संहिता सांगते. ‘ट्रायल’च्या फुकट दिवसांचे काय? १९८२ साली आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनाहून कमी मजुरीत करून घेतलेले काम म्हणजे घटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने निषिद्ध केलेले सक्तीचे श्रम होत, असा निर्णय दिला. मग अजिबात मजुरी न देता करून घेतलेल्या कामाला कोणते नाव द्यायचे? मराठीत त्याला वेठबिगार हा जुना शब्द आहे. ज्यांच्या आजोबांनी गावची वेठ नाकारून नागपूरच्या गिरण्यांची वाट धरली, त्यांच्या नातवंडांकडून ती इंग्रजी नावाने वसूल केली जात आहे.

मुलींना विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाकडे स्वतंत्रपणे पाहिले पाहिजे. ‘रात्री उशीर चालेल ना?’ हा प्रश्न चौकशीचा वाटतो. वस्तुतः तो कायदेशीर व्यवहार आहे. २०१७ च्या कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊनंतर स्त्रीला कामावर ठेवायचे तर तिची संमती हवी, तिच्या सुरक्षिततेची व्यवस्था हवी आणि दुकानापासून घराच्या दारापर्यंत वाहनाची सोय हवी. मुलाखतीत मुलगी ‘हो’ म्हणते, कारण ‘नाही’ म्हटले तर नोकरी नाही. ते ‘हो’ संमती म्हणून जमा होते. वाहनाचा विषय मात्र कोणी काढीत नाही. वाहन म्हणजे खर्च. रात्री अकरा वाजता ती मुलगी भावाला फोन करून इंदोरा चौकात बोलावते आणि मालकाची जबाबदारी भावाच्या दुचाकीवर बसून घरी जाते.

या सगळ्यावर ठराविक उत्तर तयार असते : अमेरिकेत विद्यार्थी अशीच कामे करतात, त्यांना त्याची लाज वाटत नाही, आपल्याच मुलांना खुर्ची हवी. श्रमाची लाज वाटू नये, हे समाजवाद्यांना शिकवण्याची गरज नाही. परंतु अमेरिकेचे उदाहरण द्यायचे तर ते पूर्ण द्यावे. ९ डिसेंबर २०२१ रोजी न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहरात, एल्मवूड अ‍ॅव्हेन्यूवरील स्टारबक्सच्या दुकानातील कामगारांनी आठ विरुद्ध एकोणीस मतांनी युनियन स्थापन केली. एका दुकानात मते देणारे अवघे सत्तावीस कामगार. पण पुढील तीन वर्षांत पाचशेहून अधिक दुकाने त्यांच्या मागे आली. कंपनीने त्या मुदतीत करार केला नाही, हेही खरे. परंतु पेला भरणारे विशीतले पोरही संघटित होऊ शकते, हा मुद्दा तेथे निकालात निघाला. हीच स्टारबक्स २०१२ च्या ऑक्टोबरात मुंबईत उतरली ती टाटांशी निम्म्या-निम्म्या भागीदारीत. ज्या टाटांच्या एम्प्रेस मिलने १८८६ साली कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा निधी काढला असे अभिमानाने सांगितले जाते, ती मिल गेली, तिच्या जमिनीवर एम्प्रेस मॉल उभा राहिला. गिरणीकामगाराचा नातू आजोबांच्या साच्याच्या जागी आता ट्रे घेऊन उभा राहू शकतो. निवृत्तिवेतनाचा विषय त्याच्या मुलाखतीत निघत नाही.

आणि अमेरिकेपर्यंत जाण्याचे तरी कारण काय? या देशात कॉफीच्या दुकानातील कामगारांनी याहून मोठी गोष्ट करून दाखवली आहे. कॉफी बोर्डाने पन्नाशीच्या दशकाच्या मध्यास आपली कॉफी हाउसे बंद करून नोकरांना रस्त्यावर आणले, तेव्हा ए. के. गोपालन यांनी त्या वाढप्यांना आणि स्वयंपाक्यांना सांगितले की बोर्डाची दारे ठोठावू नका, दुकाने ताब्यात घ्या. १९ ऑगस्ट १९५७ रोजी बंगलोरला पहिली कामगार सहकारी संस्था स्थापन झाली, २७ ऑक्टोबरला दिल्लीत तिचे कॉफी हाउस उघडले, आणि वर्षभरात ज्या शहरांत अशा संस्था निघाल्या त्यांत नागपूरही होते. गोपालन कम्युनिस्ट होते म्हणून हा इतिहास परका मानण्याचे समाजवाद्यांना कारण नाही. उलट या इतिहासाने त्यांना थोडे अस्वस्थच केले पाहिजे. दिल्लीच्या कॉफी हाउसात डॉ. लोहियांची बैठक असे. आणीबाणीत, १९७६ साली, सत्तेला ते कॉफी हाउस इतके बोचले की ते पाडण्यात आले. नागपुरातही सदरच्या कॉफी हाउसात किती ठराव शिजले असतील! परंतु तासन्‌तास एका पेल्यावर वर्गसंघर्षाची चर्चा करणाऱ्यांपैकी किती जणांनी फेटेवाल्या वाढप्याला त्याचा पगार विचारला? त्या संस्थाही निर्दोष नव्हत्या. साहेबी काळचा तो पंखेदार फेटा कामगार मालक झाल्यावरही डोक्यावरून उतरला नाही, आणि नव्या काळाला तोंड देण्यास लागणारे भांडवल त्यांना सरकारने कधी दिले नाही. तरी एक गोष्ट निर्विवाद आहे : बोर्डाने काढून टाकलेल्या त्या माणसांची पुन्हा कामावर येताना कोणी मुलाखत घेतली नाही.

जरीपटक्यात उद्या सहकारी कॉफी हाउस निघेल, अशी भाबडी आशा बाळगण्याचे कारण नाही. आज जे शक्य आहे ते मुलाखतीच्या आधीच करावे लागेल, नंतर नव्हे. माणूस कामावर लागला की विखुरतो. पाळी, थकवा, नोकरी जाण्याची भीती यांत त्याला गाठणे कठीण. परंतु कागद दारावर लागलेला असतो तेव्हा तो बेकार असतो, मोकळा असतो, आणि वाचनालयात, विहाराच्या आवारात, स्पर्धा परीक्षेच्या वर्गात आपल्यासारख्याच दहा जणांबरोबर बसलेला असतो. इंदोरा-जरीपटक्यातील शाखांनी तेथे जावे. मुलाखतीला जाणाऱ्याच्या हाती चार प्रश्न लिहून द्यावेत : वेतन किती आणि कोणत्या तारखेला, ट्रायलच्या दिवसांची मजुरी किती, साप्ताहिक सुट्टी कोणती, आणि हे सारे लेखी कधी मिळेल. मुलीने पाचवा विचारावा : साडेनऊनंतर घरी कोण पोहोचवणार? एकट्याने हे प्रश्न विचारले तर त्याला दार दाखवले जाईल, यात शंका नाही. म्हणून एका दुकानाच्या मुलाखतीला येणाऱ्या सर्वांनी तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारावेत, आणि बाहेर आल्यावर प्रत्येकाला काय विचारले गेले, कोणाला घेतले, कोणाला ‘कळवतो’ म्हटले, याची नोंद शाखेच्या वहीत करावी. मुलाखतीची मूळ गुणपत्रिका कोणी ठेवून घेतली असेल तर तीही त्याच दिवशी लिहावी. अशी एक वही सहा महिने नीट ठेवली, तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जाताना शाखेच्या हाती निवेदनाऐवजी पुरावा असेल.